वापरलं तर टिकतं! (चौल-रेवदंडा-कोर्लई : एका सुट्टीचा अभ्यास)

हॉस्टेलवर सुट्टी कशी जाते हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. सकाळी दहाला उठायचं, मेसचे गार झालेले पोहे खायचे, बादल्या भरभरून कपडे धुवायचे आणि उरलेला दिवस "जायचं का कुठेतरी?" या एका प्रश्नावर चर्चा करण्यात घालवायचा. संध्याकाळी सर्वानुमते ठरतं, "पुढच्या सुट्टीला नक्की!"

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण खरंच गेलो. दोन सिव्हिलचे, एक मेकॅनिकल, एक कॉम्प्युटर आणि मी इलेक्ट्रॉनिक्स. ठिकाण रायगड जिल्ह्यातलं, समुद्रकाठचं जुनं गाव. खरं तर तीन गावं, एकाला एक लागून : चौल, रेवदंडा आणि खाडीपलीकडे कोर्लई. फोटो तर काढलेच (जरा जास्तच काढले), पण परतताना एस.टी.त बसून आमची जी चर्चा रंगली ती सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा रंगत नाही. प्रश्न साधा होता. दीड-दोन हजार वर्षं जुन्या गावातलं काय टिकतं, काय पडतं, आणि का? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा अभ्यास. सिलॅबसमध्ये नाही, पण वाचायला हरकत नाही!

जायचं कसं?

आधी कामाचं. आम्ही पनवेलहून पहाटेची अलिबाग एस.टी. पकडली. पेण, वडखळ, पोयनाड करत कार्लेखिंड उतरली की नारळी-पोफळी सुरू होतात. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हिशोब करताना आम्ही दोघी मुली सगळ्यांत श्रीमंत ठरलो. मुंबईकरांना गेट वेवरून मांडव्याची लाँच मिळते (पावसाळ्यात ती बंद असते), आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटही आहे. अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. एस.टी. मिळते, नाहीतर सहा आसनी रिक्षा. "सहा आसनी" हा फक्त शब्द आहे. आम्ही त्यात नऊ जण होतो.

याच रस्त्यावर आधी आक्षी गाव लागतं. तिथे एक शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी तो एक मानला जातो. शिलाहार राजवटीतला हा लेख, आणि त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला आहे. आमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्याने अर्धा मिनिट दगडाकडे बघितलं आणि म्हणाला, "फॉन्ट सपोर्ट होत नाहीये." हसलो सगळे. पण विचार करा. भाषा आपलीच, आणि हजार वर्षांनी ती वाचायला तज्ज्ञ लागतो. दगड तसाच राहिला, भाषा मात्र माणसांच्या तोंडून पुढे निघून गेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौल : हजारो वर्षांचं बंदर

आज चौलमध्ये उतरलात तर बंदर दिसणार नाही. वाड्या, विहिरी, देवळं आणि शांतता दिसेल. पण पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने समुद्रव्यापाराची जी माहितीवही लिहिली, तिच्यात या बंदराचं नाव 'सेमिल्ला' असं येतं. पुढे अरब प्रवासी याला 'सैमूर' म्हणायचे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी हा प्रसिद्ध अरब लेखक इथे येऊन गेला. १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितीन हा व्यापारी इथेच जहाजातून उतरला. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. म्हणजे निकितीन त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! त्याच्या प्रवासवर्णनावरून 'परदेसी' हा हिंदी चित्रपट १९५७ मध्ये निघाला होता. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. मोठ्या इतिहासातला एक कोपरा शाळेच्या मैदानाला लागून असावा, आणि पोरांनी त्याच्या बाजूला क्रिकेट खेळावं, हे मला फार आवडलं.

चौलचं रामेश्वर मंदिर जरूर बघा. समोर चौकोनी पुष्करणी आहे, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं. मंडपात तीन कुंडं आहेत, अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. एरवी ती झाकलेली असतात. पाऊस फारच लांबला तर पर्जन्यकुंड उघडायची प्रथा आहे. श्रद्धेचा भाग ज्याने त्याने ठरवावा. आम्ही सिव्हिलच्या नजरेने बघितलं ते एवढंच, की पुष्करणीच्या पायऱ्यांचे दगड जागच्या जागी आहेत. कारण रोज कोणीतरी तिथे उतरतं. एखादा दगड हलला तर ते कोणाच्या तरी पायाला कळतं, आणि मग तो बसवला जातो.

हीच गोष्ट वाड्यांची. अष्टागर म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा. वाडीत पोफळीची झाडं, त्यांच्यामधून पाण्याचे पाट, आणि पाणी द्यायला विहीर. पूर्वी विहिरीवर रहाट असायचा : लाकडी चाक, त्यावर गाडग्यांची माळ, फिरवायला बैल किंवा रेडा. आता पंप आले. मेकॅनिकलवाल्याने लगेच एफिशियन्सीचा विषय काढला. तेव्हा वाडीचे मालक काका म्हणाले, "रहाट गेला, पाट राहिले. पाणी जायला वाट तीच आहे." म्हणजे मशीन बदललं, व्यवस्था तीच राहिली, कारण तिचं काम अजून संपलेलं नाही.

रेवदंडा : तटाच्या पोटातलं गाव

चौलहून पुढे गेलं की रस्ता सरळ एका जाड दगडी भिंतीतून आत शिरतो. हा रेवदंड्याचा तट. किल्ला बघायला वेगळं कुठे जावं लागत नाही; गावात शिरलात की किल्ल्यातच शिरलात.

पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधायची परवानगी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने दिली आणि १५२१ मध्ये काम सुरू झालं. त्याआधी १५०८ मध्ये याच बंदरात पोर्तुगीज आरमाराची आणि इजिप्तहून आलेल्या आरमाराची लढाई झाली. तिच्यात पोर्तुगीज हरले आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने गावाला मोठा वेढा घातला, पण पोर्तुगीजांनी तो निभावला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि पाठोपाठ १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

आता तट आतून बघा. काळा दगड, मध्ये चुना. आमच्यातल्या सिव्हिलच्या मैत्रिणीने तिथेच लेक्चर घेतलं, आणि (सरांची माफी मागून) वर्गापेक्षा लवकर समजलं. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी घातलं की तो फुलतो, तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर मळून दगडांमध्ये भरायचा. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. म्हणजे दगडापासून निघून परत दगडाकडे. सिमेंटच्या तुलनेत हा चुना मऊ. पण मऊ असणं हाच त्याचा गुण आहे. भिंत थोडी हलली, तापली, निवली, तर ताण चुन्याचा सांधा घेतो, दगड फुटत नाही. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांतून बाहेरही पडतं.

आणखी एक गोष्ट. या भिंतीत लोखंडी सळई नाही. खाऱ्या हवेत आर.सी.सी.मधली सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट सोलून टाकतो. समुद्रकाठच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या गॅलरीखाली उभे राहून वर बघा, चित्र दिसेल. इथे गंजायला काही नाहीच!

मग तट पडतो का? कारण सांधा हा देखभालीवर जगतो. दगडांमधला चुना पावसाने झिजतो, तो दर काही वर्षांनी खरवडून पुन्हा भरावा लागतो. गवंडी याला दरजा भरणे म्हणतात. १७४० नंतर किल्ल्याचं महत्त्व कमी होत गेलं, दरजा कोण भरणार? मोकळ्या सांध्यात पाखराने वडा-पिंपळाची बी टाकली, मूळ शिरलं, मूळ जाड झालं, आणि पाचरीसारखं दोन दगडांमध्ये घुसलं. जो तट तोफांनी पडला नाही तो पिंपळाने पाडला. आता कोणी म्हणेल, सिमेंट भरा की! तेही चालत नाही. सिमेंट जास्त कडक, पाणी बाहेर सोडत नाही, मग ओल दगडात अडकते आणि दगडच सोलायला लागतो. चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा.

गावात एका जुन्या चर्चचा उंच मनोरा उभा आहे, लोक त्याला सातखणी म्हणतात. खालून वर बघितलं की मान दुखते. आसपास वाड्या, मधूनच एखादी तोफ गवतात पडलेली, आणि तटाबाहेर काळसर वाळूचा किनारा. इथे जेवणाची सुट्टी घेतली. घरगुती खानावळीत सुरमई, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शाकाहारी मेंबरने तीन वाट्या सोलकढीवर समाधान मानलं.

वर्कशॉपमधली पोर्तुगीज भाषा

जेवताना विषय निघाला की पोर्तुगीज गेले, मग राहिलं काय? तुटके तट आणि दोन-चार तोफा? तेव्हा मी वहीत यादी करायला घेतली. तुम्हीही करून बघा.

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपपासून सुरू करा. दाराला लावतो ती बिजागरी पोर्तुगीज, कुलपाची चावी पोर्तुगीज. सिव्हिलच्या साइटवरचं घमेलं पोर्तुगीज, आणि ते ज्याच्या हुकमाने उचललं जातं तो मिस्त्रीसुद्धा! पाण्याचं पिंप पोर्तुगीज. भंगाराचा होतो तो लिलाव पोर्तुगीज. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये ज्याच्यासाठी सगळे धडपडतात तो पगार पोर्तुगीज. आता मेसमध्ये या. कणीक मळायची परात, सकाळचा पाव, दुपारचा बटाटा, आणि आठवड्यातून चार वेळा येणारा तो आपला लाडका कोबी, सगळे त्याच बोटीने आलेले. उन्हाळ्यात घरी गेल्यावर मिळणारा हापूस म्हणजे 'अफोन्सो' या नावाचं मराठी रूप. आणि ज्या सुट्टीत आम्ही गेलो तो नाताळ, तो शब्दही त्यांचाच.

गंमत पुढेच आहे. काजू आणि अननस हे शब्द पोर्तुगीजांचेही मूळचे नाहीत. ते त्यांनी ब्राझीलच्या मूळ रहिवाशांकडून घेतले, आणि फळासकट आपल्याकडे आणले. म्हणजे चौल, वसई, गोवा अशा बंदरांत नुसता माल उतरत नव्हता, शब्दही उतरत होते. आणि त्या शब्दांना पासपोर्ट कोणी विचारला नाही. वस्तू रोजच्या कामाची होती, म्हणून शब्द राहिला. पोर्तुगीजांच्या फर्मानांतले शब्द आज कोणाला आठवत नाहीत. घमेलं मात्र रोज उचललं जातं.

कोर्लई : टेकडीवरचा किल्ला, पायथ्याची बोली

रेवदंड्याहून कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला जायचं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि मध्ये समुद्रात घुसलेली लांबट टेकडी. टोकाजवळ दीपगृह आहे, त्याच्या बाजूने पायऱ्या चढून वर जाता येतं. इथला किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. वर एकामागून एक दरवाजे, चर्चचे अवशेष, पाण्याचं टाकं, तोफा. एक दरवाजा पडला तरी शत्रू पुढच्या दरवाजाशी अडावा अशी रचना. कॉम्प्युटरवाल्याला लगेच फायरवॉल आठवली. वरून रेवदंड्याच्या नारळीच्या शेंड्यांकडे बघितलं की कळतं, खाडीच्या तोंडावर ताबा ठेवायला याहून चांगली जागा नाही.

पण कोर्लईचा खरा ठेवा किल्ल्यावर नाही, खाली गावात आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज अधिकारी निघून गेले, पण तिथली साधी ख्रिस्ती माणसं इथेच राहिली आणि कोर्लईत स्थिरावली. ती एक बोली बोलतात. मूळ पोर्तुगीज, पण इथल्या मातीत इतकी मुरलेली की लिस्बनचा माणूस गोंधळून जाईल. ते स्वतः तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बोलणारे जेमतेम हजारभर. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर १९९६ मध्ये सबंध पुस्तक लिहिलं आहे.

या बोलीची घडण इंजिनिअरिंगच्या मुलांनी समजून घ्यावी अशी आहे. पोर्तुगीजमध्ये आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. मराठीत क्रियापद शेवटी. कोर्लईच्या बोलीत शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी! म्हणजे सुटे भाग तिकडचे, असेंब्ली ड्रॉइंग इकडचं. शिवाय मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तिने वेगळा 'उ'कारान्त वर्गच तयार केला. आपण हॉस्टेलवर काय करतो? इंग्रजी शब्द घेतो आणि मागे मराठी शेपूट लावतो : लेक्चर बंक केलं, प्रिंट मारली, कॉपी केली. युक्ती तीच.

गावात चर्चजवळ घरोघरी नाताळचे तारे लटकत होते. एका ओट्यावर आजी सुकट निवडत बसल्या होत्या. पाणी मागितलं, त्यांनी आत हाक मारली. नातू तांब्या घेऊन आला. आजी त्याला बोलीत काहीतरी म्हणाल्या. तो मराठीत म्हणाला, "नंतर जातो ना!" आजी आमच्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "हा ऐकतो आमच्यात, बोलतो तुमच्यात."

आम्ही विचारलं, "शाळेत कुठली भाषा?" म्हणाल्या, "मराठी. आता तर इंग्लिश पण पाहिजे." मग माझ्याकडे बघून, "तू गं? घरी काय बोलतेस?"

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर एक रुपया दंड असायचा. घरी आई-बाबा मराठीत बोलतात, मी अर्धं इंग्रजीत उत्तर देते. आजी गावाहून फोन करते तेव्हा माझं बोलणं "हो", "बरं", "जेवले" या तीन शब्दांत संपतं. मी त्यांना म्हटलं, "अर्धं अर्धं." आजी हसल्या. "मग तुमचंबी आमच्यासारखंच," एवढंच म्हणून त्यांनी सुकटीचं सूप पुढे ओढलं.

मला सगळ्यात जास्त हे लागलं. कारण कोर्लईच्या बोलीला न राज्य होतं, न शाळा, न पुस्तकं. चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगीज चालायची, नंतर तिथेही मराठी आली. तरी १७४० पासून आतापर्यंत ही भाषा टिकली ती केवळ ओट्यावर, चुलीपाशी आणि होडीत वापरली जात होती म्हणून. आणि आता ती धोक्यात आहे, ती कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. नातू उत्तर दुसऱ्या भाषेत देतो म्हणून. केरळात कोचीजवळ अशीच एक पोर्तुगीज बोली होती. ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ २०१० मध्ये वारले. भाषा संपली, आणि दुसऱ्या दिवशी बाजार नेहमीसारखा भरला असेल.

एक उलटं उदाहरण

कोणी म्हणेल, छोट्या भाषेचं असंच व्हायचं. तर रेवदंड्यातलंच एक उदाहरण. इथे बेने इस्रायल ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले. इथे ते तेल गाळायचा धंदा करायचे आणि शनिवारी सुट्टी पाळायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांनी मराठी आपलीशी केली. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर त्यांतले बहुतेक तिकडे गेले. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. हिब्रू त्या देशाची भाषा, पोटापाण्याला तीच हवी. तरी मराठी लिहायला-वाचायला कोणीतरी वेळ काढला. म्हणजे मोठी भाषा शिकणं आणि आपली वापरणं यात भांडण असायलाच हवं असं नाही.

निष्कर्ष (प्रॅक्टिकलला लिहितो तसा)

निरीक्षण एक : तटाला वापर नाही, तट पडतोय. पुष्करणीला वापर आहे, ती उभी आहे.
निरीक्षण दोन : रहाट गेला, पण पाट राहिले.
निरीक्षण तीन : सत्ता गेली, पण घमेलं, बिजागरी आणि पगार राहिले.
निरीक्षण चार : आक्षीच्या दगडावर मराठी आहे, पण त्या दगडामुळे मराठी टिकलेली नाही.

आम्ही सेकंड इयरला शिकतो की देखभाल म्हणजे बिघडल्यावर दुरुस्ती नव्हे, बिघडण्याआधी घेतलेली काळजी. या गावांत फिरल्यावर मला वाटलं, देखभालीचा सगळ्यांत स्वस्त प्रकार म्हणजे रोजचा वापर. वापरात असलेल्या वस्तूची कुरकुर लगेच ऐकू येते. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्या हॉस्टेलवरही पेढे वाटले गेले. आनंदच आहे. पण दर्जा आणि दरजा या दोन शब्दांत जेवढा फरक तेवढाच या दोन कामांतही आहे. दर्जा एकदा मिळतो. दरजा दर काही वर्षांनी भराव्या लागतात, आणि ते गवंड्याचं काम आहे, म्हणजे आपलंच.

तटासाठीही काही करता येईल. सिव्हिल विभागाच्या सरांना नम्र सूचना : दरवर्षी शेवटच्या वर्षाला तेच तेच प्रोजेक्ट विषय येतात. चुन्याच्या सांध्यांची तपासणी, कुठल्या भागात मुळं शिरली आहेत याचा नकाशा, हे विषय दिले तर मुलं आनंदाने जातील (सुरमई हा केवळ योगायोग). पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल तिथे रीतसर घ्यावी. तटावर नावं कोरणाऱ्यांनी मात्र कृपया येऊ नये.

जाणाऱ्यांसाठी गृहपाठ

१. एक वही न्या. दिवसभरात वापरलेल्या दहा वस्तूंची मराठी नावं लिहा आणि त्यांपैकी किती शब्द बाहेरून आले ते घरी येऊन शोधा.
२. तटात एक जागा निवडा जिथे सांधा शाबूत आहे, आणि एक जिथे मूळ शिरलं आहे. दोन्हींचं स्केच काढा. फोटो नाही, स्केच. हाताने काढलं की डोळा थांबतो.
३. कोर्लईत गेलात तर लोकांच्या दारात कॅमेरा रोखू नका. ते प्रदर्शनातले नाहीत. पाणी मागा, बसा, ऐका.
४. पाणी आणि टोपी न्या, किल्ल्यावर सावली कमी आहे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून ठेवा. मुलींच्या हॉस्टेलचा गेट नऊला बंद होतो आणि वॉचमन काकांना निजामशाहीतलं एकही कारण चालत नाही.
५. परतल्यावर घरी एक फोन करा. आजी-आजोबांना. तटाबद्दल, सोलकढीबद्दल, काहीही सांगा, पण पूर्ण वाक्यांत आणि मराठीत सांगा. मी केला. सतरा मिनिटं बोलणं झालं. बिजागरीला त्यांच्याकडे मिजागरी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.